साडभाऊंच्या नाडीचं वय

उभी करून ठेवलेली सायकल चालवताना पडून गुडघ्याची वाटी फोडून घेणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अमरावतीच्या कडेला त्यांचा शेवंती-झेंडूचा मळा आहे. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते सायकलच्या मागे फुलांचं गाठोडं बांधून बाजारात येत. पुढे घरी मालवाहू गाडी आली, फुलं गाडीतून जाऊ लागली आणि साडभाऊ गाडीच्या मागून सायकलनं जाऊ लागले. परतवाड्याचं लग्न सायकलवर, धारणीची तेरवीही सायकलवर. ते पोहोचेपर्यंत तिथली पंगत उठून भांडी घासून झाली होती म्हणतात. मेळघाटातल्या वळणांनी ज्यांचं काही वाकडं केलं नाही, ते आपल्याच अंगणात, स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसून शेजाऱ्याला पायडल मारायची योग्य पद्धत दाखवत होते आणि स्टँड मिटलं. कोणी विचारलं तर ते लपवत नसत. उलट कुबडी भिंतीला टेकवून पुन्हा सायकलवर चढून दाखवायला निघत, आणि ताई स्वयंपाकघरातून धावत येऊन हँडल धरत.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण मांडी सुकली आणि दम कमी झाला. राजापेठेत माझा गणिताचा क्लास आहे, त्याच्याच वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या एक मॅडम बसतात. त्यांनी सांगितलं की सायकल चालवा, पण जोर लावून नाही, नाडी बघून. काही महिने दोन नंबरच्या झोनच्या वर जायचं नाही. पुण्याच्या मुलानं ठोके मोजणारं घड्याळ पाठवलं आणि गणित सोडवायला साडभाऊ माझ्याकडे आले. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, की हृदयाचे जास्तीत जास्त ठोके निघतात. त्यांचे पाच झोन, आणि साठ ते सत्तर टक्के म्हणजे दोन नंबर. हे मी त्यांना तीनदा समजावलं आणि तिसऱ्या वेळी मलाच कळेनासं झालं. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, हे दोनशे वीस कुठून आणलं? माह्या छातीतून तं नाही ना?" मॅडमनी सोपी खूण सांगितली: चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं, की समजायचं आपण दोन नंबरमध्ये आहोत. ही खूण जगातल्या सगळ्या माणसांना लागू पडत असेल, साडभाऊंना नाही. "मॅडम, मी तं टाके घालतानाबी बोलून राहिलो होतो," ते म्हणाले. "डाक्टरच म्हणे, आता चूप राहा."

मग त्यांचा दोन नंबरचा संसार सुरू झाला. सायकल इतकी हळू चालू लागली की बडनेऱ्याच्या रस्त्यावर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या एक आजी त्यांच्या पुढे निघून गेल्या आणि जाताना 'पाय दुखते काय' म्हणून विचारून गेल्या. उड्डाणपूल लागला की ते उतरून सायकल हातात धरून चढत, आणि तरी घड्याळ तीन नंबर दाखवी. याउलट ओसरीवर बसून शेजाऱ्यानं मोटारीच्या पाण्याची पाळी कशी चुकवली हे सांगताना ते थेट चार नंबरमध्ये जात. यातून त्यांनी असा निष्कर्ष काढला की सायकलीपेक्षा शेजारी जास्त व्यायाम देतो. घड्याळ एक आकडा सांगे, मॅडमच्या बोटाला लावायच्या चिमट्यात दुसरा येई, आणि ते स्वतः मनगट धरून मोजत तेव्हा मध्येच कोणी नमस्कार केला की तिसराच. तिघांची बेरीज करून तीननं भागलं तर चालेल काय, असं त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो, पण का नाही ते मला सांगता आलं नाही.

या सगळ्या धडपडीचं कारण एकच होतं, भाऊबीज. अकोल्याला त्यांची थोरली बहीण असते, तिला सगळेच बाई म्हणतात. बाईचं लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज चुकलेली नाही आणि एकदाही ते बसनं गेलेले नाहीत. पहाटे शेवंतीची वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून कॅरिअरला लावायची, दुपारी बाईच्या हातचं जेवायचं आणि उन्हं उतरली की परत फिरायचं. यंदा मॅडम म्हणाल्या, "घड्याळ दोन नंबरमध्ये राहिलं तर जा. नाही राहिलं तर बस आहे." झालं. आणि त्याच आठवड्यात साडभाऊ माझ्या क्लासमध्ये येऊन पुढच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "हे घड्याळ खोट्या वयावर चालून राहिलं."

त्यांचं म्हणणं असं की शाळेच्या दाखल्यावर ते चौसष्टचे आहेत. पण ज्यांचे दुधाचे दात त्यांच्या बरोबर पडले, ती सगळी मंडळी एकसष्टची आहेत. गुरुजी त्या काळी अंदाजानं तारखा टाकत, हे मलाही माहीत होतं. मी फळ्यावर मांडून दाखवलं: चौसष्टला चौऱ्याण्णव ते एकशे नऊ ठोके, एकसष्टला पंच्याण्णव ते एकशे अकरा. फरक वरच्या बाजूला दोन ठोक्यांचा. "दोन थोडे झाले काय?" ते म्हणाले. "मिनिटाले दोन. अकोल्यापर्यंत किती झाले?" आणि मी गणिताचा मास्तर, खडू घेऊन मोजायला लागलो. खरं वय सांगणारं माणूस जगात एकच उरलं होतं, बाई. तिला फोन लावला तर ती म्हणाली, "भाऊबीजेले येशीन तवा सांगीन. हे फोनवर सांगाचं नाही." म्हणजे अकोल्याला जायला वय पाहिजे आणि वय अकोल्यात. शेवटी जपून राहावं म्हणून मी कागदावरचंच वय धरायला लावलं, आणि ते तोंड वाकडं करून कबूल झाले.

भाऊबीजेला उजाडायच्या आधी आम्ही निघालो. ताईंच्या हुकमानं मी मागून मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये रेटत होतो. एकशे नऊच्या वर आकडा गेला की घड्याळ वाजे, की साडभाऊ उतरून कडुलिंबाखाली बसत, की आकडा खाली यायची वाट बघत. ज्या वेळेला ते दरवर्षी बाईकडे जेवत असत त्या वेळेला आम्ही मूर्तिजापूरला होतो. बोरगाव मंजूला ऊन तिरपं झालं. सायकल टेम्पोत टाकू, असं मी म्हणालो, तर ते इतके चिडले की चार नंबर लागला आणि त्यापायी अर्धा तास आणखी बसावं लागलं. अकोल्यात शिरलो तेव्हा सूर्य मावळला होता.

बाई गच्चीवर आहे, असं तिच्या सुनेनं सांगितलं. साडभाऊ एकेक पायरी धरून चढले. वर बाई ताम्हन घेऊन चंद्राला ओवाळत होती. भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, आणि हे तर शंभर किलोमीटर सायकल चालवून आले होते. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"बाई, मी आलो ना," ते म्हणाले. "चांदाले काऊन ओवाळून राहिली?"

"तुह्यासाठी नाही हे," बाई म्हणाली. "दरसाल ओवाळतो. तू दुपारीच जेवून निंगून जातो, तुले कसं दिसन?"

मग तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि वय सांगितलं. "तुह्या आंधी एक झाला होता आपल्याले. तीन वर्षं आंधी. मीच कडेवर घेऊन फिरवो. दीड वर्षाचा होऊन गेला. तुले शाळेत घालाच्या वक्ती गुरुजीनं तारीख मांगतली, तं बाच्या तोंडून त्याचीच निंगाली. चुकली म्हणून सांगाले गेला, तं रडाले लागला. गुरुजीनं मंग तेच लिवून टाकलं. माय म्हणे, याले कधी सांगू नको."

टाके घालतानाही बोलणारा माणूस वेणी हातात धरून बसून राहिला, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी उगाच कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

सकाळी परत निघताना मी म्हणालो, "भाऊ, आणा ते घड्याळ, एकसष्ट करून देतो. दोन ठोके वाढून मिळतील." त्यांनी हात मागे घेतला.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "दीड वर्षाचा गेला तो, सायकलवर कधी बसलाच नसन. चालवू द्या त्याले थोडी."

घड्याळ अजून त्याच तारखेवर आहे. साडभाऊ त्या थोरल्याच्या वयानं, दोन ठोके राखून, हळूहळू सायकल चालवतात, आणि मीही आता त्यांच्या मागे घाई करत नाही.