शुद्धीवरचा बाप

दारूच्या नशेत औरंगपुऱ्याच्या वळणावर निजामुद्दीननं रिक्षा उलटवली आणि मागं बसलेल्या त्याच्याच लेकीचा, राहतचा पाय कायमचा अधू झाला. त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. तरुणपणी तो कबड्डी गाजवायचा. आता छावणीमागच्या झोपडपट्टीतल्या, कचरा वेचणाऱ्या पोरींना तो खेळ शिकवू लागला.

यंदा त्याच पोरींनी जिल्ह्याचा कप जिंकला. निजामुद्दीन हरखून घरी आला आणि कप त्यानं राहतपुढं ठेवला.

"बघ बेटा, माझ्या पोरी जिंकल्या!"

राहतनं कपाकडं पाहिलंही नाही.

"त्यांना तुम्ही शुद्धीवर असताना भेटलात, अब्बा. मला नाय."

निजामुद्दीन उठला आणि मैदानाकडं निघाला. तिथं तरी त्याची कुणी वाट बघत होतं.