धरणाच्या पाण्यात पोह्यांची ओटी

हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर माझं पोट फुटेल! इंदूरला, सुदामा नगरच्या घरी नुकतेच पोचलोय, चपलांचा चिखल पण तसाच आहे, आणि मी टाइप करतेय.

तर झालं असं, सोमवारी माझ्या मावशीचं हार्टचं ऑपरेशन आहे. आई म्हणाली, त्याआधी आपल्या नदीची ओटी भरून यायची. आपली नदी मतलब सिमरोलच्या पुढं, डोंगरात. दोघी बहिणी लहानपणी तिथं पोहायच्या. डॅम झाल्यावर गेल्याच नव्हत्या. मग काय, गाडी काढली! मी ड्रायव्हर, मागे त्या दोघी.

घाटात ढग एकदम रस्त्यावर उतरलेले. वायपर चालू, तरी काही दिसेना. मग एक वळण आलं, ढग मागे राहिले आणि समोर डॅमची भिंत, लांबच लांब! तिच्यामागे पाणी, इतकं शांत की डोंगर त्यात उलटे होऊन झोपलेत असं वाटत होतं. गाडी थांबवून उतरलो.

मग आई हळूच म्हणाली, "ही कुठं आपली नदी गं? ती केवढी पळायची. ही तर हलत पण नाहीये."

"माझ्यासारखीच थकलीये," मावशी म्हणाली. "तू ओटी भर."

भिंतीवरनं चौकीदार ओरडला, "दीदी, नारियल ऊपर से मत फेंकना! नीचे किनारे पे जाओ, आराम से।"

खाली गेलो. आईनं पिशवी उघडली. खण आहे, नारळ आहे, हळकुंड आहे... तांदूळ नाहीत! किचनच्या ओट्यावरच राहिले. आई रडायलाच आली. "आजच कसं विसरले मी!"

मावशी मला म्हणाली, "जा, डिकीतले कच्चे पोहे आण." आम्ही स्टोव्हवर नाश्ता बनवणार होतो नं, शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) पण होतं. "पोहे म्हणजे तांदूळच की. इंदूरकडची नदी आहे, तिला चालतील."

"अन् जिरावण?" मी विचारलं.

"ते तू खा!"

आईनं दगडावर खण-नारळ ठेवला आणि ओंजळभर पोहे पाण्यात सोडले. आता ओटी भरली की जिची भरली ती त्यातले चार दाणे परत देते, रिकाम्या हातानं कुणाला पाठवत नाही. पण नदी कशी देणार? आई नमस्कार करून उठायला लागली.

"थांब जरा," मावशी म्हणाली. "देईल ती."

आईनं हात पाण्यात धरला. आणि भिया (आमच्या इंदूरचं 'भाऊ'), हवा आली! तांदूळ असते तर बुडाले असते, पोहे तरंगत होते. बारक्या बारक्या लाटांवर सरकत सरकत आले, थेट आईच्या तळव्यात. पाणी हलत होतं. आईनं ते ओले पोहे मावशीच्या पदरात बांधले.

सकाळपासून टिंगल करणारी मावशी येताना ती गाठ मुठीत धरून झोपली. सोमवारी हॉस्पिटलमध्ये पण नेणार म्हणते. मला माहितेय, हवा होती. पण तेव्हाच का आली यार?

तुमच्यासोबत झालंय का असं कधी? नदीनं तुम्हाला काही परत दिलंय? सांगा नं, पटकन! मावशीला वाचून दाखवायचंय.