हिरवा दिवा लागेपर्यंत

वसंतभावजींना चौघांनी उचलून वर आणलं तेव्हा मी आधणात साखर घालत होते. दूध आणतो म्हणून ते दहाच मिनिटांपूर्वी खाली उतरले होते. घोडपदेवच्या आमच्या चाळीच्या जिन्यातच ते बसले... ते बसलेच. डॉक्टर आले, मान हलवून गेले. त्याला आता दीड महिना होईल.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गिरणीत फिटर होते. गिरणी गेली तसे रेडिओ, टीव्ही उघडून बघायला लागले, पुढे कॉम्प्युटरही असाच, कुणी न शिकवता. स्क्रू हरवू नयेत म्हणून माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाटीत टाकायचे. एकदा फोडणीत मोहरीबरोबर स्क्रू गेला, तर मलाच म्हणाले, लोह वाढतं अंगातलं.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधी कुठल्याशा चॅनलने जुन्या गिरणी कामगारांना बोलतं केलं होतं, त्यात हे दोन मिनिटं दिसले. डिशच्या रेकॉर्डर बॉक्समध्ये मी ते धरून ठेवलं होतं. यांचा आवाज माझ्याकडे तेवढाच. शेवटी हे कॅमेरावाल्याला विचारतात, "झालं ना? मग चहा घ्या." तेवढ्यासाठी मी रोज लावायचे. मग मुलाने डिश बंद केली, बॉक्समधलं तिचं कार्ड बंद पडलं आणि बॉक्स ते दाखवेचना.

"कार्ड बंद झाला म्हणान दादा पण बंद?" भावजी चिडले. म्हणाले, दादा आत शाबूत आहे, पण बॉक्सचा मूळ प्रोग्राम, त्याला ते फर्मवेअर म्हणायचे, तो कार्डाला विचारल्याशिवाय दार उघडत नाही. तो प्रोग्रामच बदलायचा. कित्येक महिने त्यापायी डोळे फोडले त्यांनी.

भावजी गेले त्या दुपारी नवा प्रोग्राम आत जायला लागला. बॉक्सवर लाल दिवा लुकलुकत होता, टीव्हीवर आकडे सरकत होते. अर्धा तास लागेल, मधे वीज तुटली तर सगळंच जाईल, म्हणाले. चपला घालताना वळून परत, "वैनी, दिवो हिरवो होयसर बटनाक हात लाव नको हां."

आणि मी काय केलं... भावजींना चटईवर ठेवलं, बायका आत आल्या, आणि माझं लक्ष टीव्हीकडे गेलं. माणूस गेलेल्या घरात टीव्ही चालू? आमच्यात आधी तो बंद करतात. यांच्या वेळी भावजींनीच केला होता. मी उठले आणि बोर्डाचं बटण बंद केलं, टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचं ते एकच. कुणी सांगितलं नव्हतं.

आठवलं ते तेराव्यानंतर. बटण लावलं. लाल नाही, हिरवा नाही. दादरच्या दुकानदाराने बघून सांगितलं, आजी, प्रोग्राम अर्धाच भरलाय, आतलं काही मिळणार नाही, टाकून द्या. एका बटणात मी यांना दुसऱ्यांदा घालवलं. सून म्हणते, असं बोलू नका.

बॉक्स जागेवरच आहे. त्याचे चार स्क्रू अजून मिसळणाच्या डब्यात आहेत, फोडणी करताना बोटांना लागतात. बोर्डाचं बटण मात्र मी चालूच ठेवते. मुलगा म्हणतो, मेलेल्या बॉक्सला वीज कशाला? मी त्याला हात लावू देत नाही. दिवा अजून हिरवा झालेला नाही.