दहावं नाव

लिंडन प्रेअरीत कुणालाही विचारा, बर्नडीन वोयचिक कोण? पाच नंबरच्या शाळेच्या बसकडे बोट दाखवतील. एकोणतीस वर्षं बर्नी ती बस चालवतेय. बर्फ गुडघाभर असो की कमरेभर, तिच्या बसमुळे एकाही मुलाची घंटा चुकली नाही. शिकागोच्या पश्चिमेला एवढी उपनगरं पसरलीत, त्यांत असा दुसरा ड्रायव्हर दाखवा. नाहीच सापडायचा.

पण लोकांना बस दिसते, बर्नीचं कॉलेज दिसत नाही. तेवीस वर्षं ती कॉलेजात जात होती. इतर लोक जे दोन वर्षांत उरकतात, ते तिने तेवीस वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. पहाटे साडेपाचला बस काढायची, दुपारी मुलं घरोघर सोडायची, मग संध्याकाळी एक वर्ग. एका वेळी एकच. नवरा गेला तेव्हा ती चौतीसची होती. घर खायला उठायचं, म्हणून पहिल्याच हिवाळ्यात तिने निबंधलेखनाचा वर्ग घेतला. पुढे गणित घेतलं, ते तिसऱ्या खेपेला सुटलं. एकदा वेल्डिंग घेतलं, का तर त्या वर्कशॉपचं दार उघडं होतं आणि आत ऊब होती. तिने जोडलेलं फाटक अजून चर्चच्या मागे उभं आहे, कुणीही जाऊन हलवून बघावं. शेवटी ती बागकामाकडे वळली आणि तिथे तिचा जीव रमला.

या कॉलेजला पलीकडच्या गावची श्रीमंत मंडळी अजून ‘सोयाबीन युनिव्हर्सिटी’ म्हणतात. म्हणू देत. सोयाबीनच्या शेतातच ते उभं राहिलं, त्यात लाजायचं काय? सदुसष्ट साली गावाने मतदान घेतलं, की घरपट्टीत थोडी भर घालून आपलं स्वतःचं कॉलेज काढायचं का. बर्नीचे वडील फाउंड्रीत घाम गाळणारे. ते हो म्हणा सांगत दारोदार फिरले. त्यांच्याच गल्लीतला पंचवीस वर्षांचा वॉल्टर ओलेक्सी नाही म्हणा सांगत फिरला. कॉलेज जिंकलं, आणि दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. सुरुवातीला इमारत कुठली? टायपिंग बंद पडलेल्या किराणा दुकानात, नर्सिंग चर्चच्या तळघरात, जमाखर्च हायस्कूलमध्ये दिवे लागल्यावर. आणि आज बघा. दातांच्या डॉक्टरांचे मदतनीस तिथून निघतात, मोटारींचे मेकॅनिक निघतात, भट्ट्या आणि एसी दुरुस्त करणारे निघतात. परदेशातून आलेली माणसं तिथे इंग्रजी शिकतात. शाळा अर्धवट सोडलेल्यालाही दार बंद नाही. वय अठरा झालं की या, बसा.

तर बर्नीचा फक्त एक विषय उरला होता, माती. बागकामाच्या पदवीचा शेवटचा वर्ग, दर मंगळवारी संध्याकाळी. आणि त्याच वर्षी कॉलेजने बागकाम बंद करायचं ठरवलं, विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून. मातीचा हा वर्ग शेवटचा, तोही दहा जणांनी नाव घातलं तरच. शुक्रवारी पाचपर्यंत दहा झाले नाहीत तर वर्ग रद्द, आणि बर्नीची तेवीस वर्षं अशीच लोंबकळत राहणार, एका विषयाने.

बर्नीचं धरून नऊ नावं झाली होती.

बर्नीने बसडेपो पिंजून काढला. मंगळवार म्हणजे चेंडू घरंगळवून पिना पाडायच्या बोलिंगच्या लीगची संध्याकाळ, ती कोण सोडणार? थोरला भाऊ रोमन तर त्या लीगचा कप्तान. बहिणीच्या हुशारीच्या गोष्टी तो अख्ख्या बारला ऐकवायचा, पण वर्गात नाव घाल म्हटल्यावर म्हणाला, “कप्तानच नसेल तर संघ कोण सांभाळणार?” शाळा त्याने नववीत सोडली होती आणि चारचौघांत वाचायची पाळी आली की त्याला घाम फुटायचा. बर्नीला ते माहीत होतं. तिने त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग तिला वॉल्टर ओलेक्सी आठवले. एक्याऐंशीचे, एकटे, समोरच्याच गल्लीत. पासष्ट ओलांडलेल्यांना कॉलेजात फी माफ आहे. तिने त्यांना घोळात घेतलं. त्यांच्या टोमॅटोला दरवर्षी कीड लागते, मातीचा वर्ग केला तर बरं, असं. ते कुरकुरत, पण आतून खूश होत, तयार झाले. तिने त्यांचा फॉर्म भरून आणला, आणि बुधवारी जर्दाळू भरलेल्या कोलाचकी बिस्किटांचा डबा घेऊन नोंदणीच्या खिडकीशी उभी राहिली. खिडकीमागे मारिसोल. वीस वर्षांची ओळख.

मारिसोलने एक बिस्कीट उचललं, पडद्यावर बघितलं आणि ते तसंच खाली ठेवलं.

“बर्नी, अजून नऊच आहेत गं.”

“ओलेक्सी धरून दहा.”

“माफीवाले धरत नाहीत. ते बसू शकतात, पण वर्ग चालायला फी भरणारेच दहा लागतात. तुला माहीत नव्हतं?”

तेवीस वर्षं त्या खिडकीशी उभी राहूनही बर्नीला ते माहीत नव्हतं. पासष्टच्या नियमाशी तिचा संबंध कुठे आला होता? डबा तिने तिथेच ठेवला, परत कशाला न्यायचा, आणि बाहेर येऊन गाडीत बराच वेळ चावी न फिरवता बसली.

गुरुवारी मुलं सोडून ती ओलेक्सींकडे गेली. त्यांच्याकडे काही मागायला नाही. म्हाताऱ्याने मंगळवारी उगाच कोट चढवून बसू नये, एवढंच सांगायला.

“वर्ग होत नाही, मिस्टर ओलेक्सी.”

“का? माझं नाव बघून मास्तर पळाला?”

तिने नियम सांगितला.  त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हणजे मी खुर्चीवर बसणार, पण मोजणीत नाही.”

“तसाच नियम आहे.”

“अगं पोरी, आपल्या शिकागोत मेलेल्यांचीसुद्धा मतं मोजतात. आणि मी जिवंत असून मोजत नाहीत?”

बर्नीला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. फक्त नोंदणी उद्या किती वाजेपर्यंत, एवढं विचारलं. तिला वाटलं, म्हातारा सहज विचारतोय.

शुक्रवारी चार वाजता ती बस लावून खिडकीशी गेली. नाव काढून घ्यायचं आणि तो विषय मनातून पुसायचा. तर पुढे ओलेक्सी उभे, चर्चचा कोट, बूट पॉलिश केलेले, आणि मारिसोल त्यांना समजावतेय.

“पण तुम्हाला फी माफ आहे, सर.”

“माफी रद्द कर. पूर्ण फी लिही.”

“उगाच कशाला भरता? बसायला मिळतंच आहे की.”

“बसायला पार्कातही मिळतं,” ओलेक्सी म्हणाले. “सदुसष्टात या कॉलेजविरुद्ध मी दीडशे दारं ठोठावली. दोनशे बारा मतांनी हरलो. तेव्हापासून दरवर्षी घरपट्टीतून पैसे देतोय आणि रागाने आत पाऊल टाकलं नाही. आज टाकलंय. आता मला मोजायचं.”

मागे उभ्या बर्नीचा हात तोंडावर गेला. तिने म्हटलं, मिस्टर ओलेक्सी, हे बरोबर नाही, माझ्यासाठी एवढं नको. त्यांनी मान वळवली.

“तुझ्यासाठी कोण करतंय? माझ्या टोमॅटोला कीड आहे.”

मारिसोलने कळा दाबल्या. पडद्यावर दहा आले. तिने पडदा वळवून बर्नीला दाखवला, मग काचेपलीकडून हात बाहेर काढून तिचा हात घट्ट धरला.

मातीचा वर्ग झाला. मार्चमध्ये थंडी ओसरल्यावर त्यांनी पार्किंगच्या मागे छातीभर खड्डा खणला. कुदळ चालवण्यात बर्नीच्या पासंगालाही कुणी पुरलं नाही. वरचा काळा थर कुठे संपतो, चिकण माती कुठे लागते, हे मास्तरांनी विचारायच्या आत ती बोटांनी चुरून सांगायची. ओलेक्सी खड्ड्याच्या काठावर घडीच्या खुर्चीत बसून वहीत लिहायचे आणि खणणाऱ्यांच्या चुका काढायचे. त्यांना परीक्षेत ‘क’ मिळाला. पैसे भरलेत म्हणून भांडून त्यांनी पेपर पुन्हा तपासून घेतला, आणि पुन्हा ‘क’च निघाला.

मे महिन्यात व्यायामशाळेत पदवीदान झालं. विशीतल्या पोरांच्या रांगेत सत्तावन्न वर्षांची एकटी बर्नी. नाव पुकारलं तशी ती मंचावर गेली, कागद घेतला, आणि उतरताना एकेक पायरी नीट बघत उतरली. वरच्या बाकांवरून रोमनने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की पुढच्या ओळीतल्या आजीबाईंनी कान झाकले. शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, कोण हो तुमची? रोमनने त्याला सगळं सांगितलं. तेवीस वर्षं, गणित, वेल्डिंग, फाटक, माती, सगळं. तो माणूस आपल्या मुलाचं नाव ऐकायला आला होता. ते मध्येच पुकारून झालं.