कुंभारमाशीचं बिऱ्हाड

सोयरसंबंधांच्या बाबतीत माझ्या आतोबांइतका पक्का माणूस साऱ्या रोह्यात झाला नाही. फक्त त्यांच्या सोयरिकी माणसांच्या नसत. कंपनीतून निवृत्त होऊन ते शेजारच्या अष्टमी गावातल्या घरी बसले आणि गांधीलमाश्या, मधमाश्या व मुंग्या यांची भावकी लावण्यात दंग झाले. मूळ घराणं गांधीलमाशीचं, हे त्यांचं ठाम मत. मधमाशी म्हणजे त्यातलीच शाकाहारी झालेली शाखा, आणि मुंगी म्हणजे पंख टाकून जमिनीला लागलेली. माझ्या नवऱ्याच्या कपाळाला गांधीलमाशी डसली तेव्हा आत्या चुना शोधत धावली. आतोबा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, थोरल्या घरातली हाय ती. थोरलं घर तापटच असतं." साखरेला मुंग्या लागल्या की त्या आपणहून जाईपर्यंत ते बिनसाखरेचा चहा पीत, आणि आम्हालाही पाजत.

खरी पंचाईत झाली गणपतीत. पेणहून मूर्ती बरीच आधी आणून त्यांनी खिडकीशी ठेवली होती. चतुर्थीला हार घालताना पाहतात तर बाप्पाच्या कानामागे गांधीलमाशीच्याच कुळातल्या कुंभारमाशीचं मातीचं घर! आत्या उलथनं घेऊन आली. आतोबा आडवे आले. "भरलं घर हाय गो, आत पोरं हायत. मातीच्या देवाला मातीच्या घराचं काय ओझं?" आमचा गणपती दीड दिवसाचा, पण विसर्जनाच्या आरतीनंतर त्यांनी जाहीर केलं, "पोरं उडाल्याबिगर बाप्पा हलायचा नाय. साखरचौथीच्या गणपतींबरोबर जाईल." म्हणजे भाद्रपदातल्या संकष्टीपर्यंत, पंधरवडाभर रोज नैवेद्य, रोज आरत्या. मोदक वळून आत्याचे हात भरून आले, खरी भावकी फुरंगटली, आत्याने नवऱ्याशी बोलणं टाकलं. "तोवर नाहीच निघाली तर?" मी विचारलं. आतोबांचा चेहरा पडला. "मग माझ्याच हातानं बुडवावी लागतील गो," म्हणाले, आणि ताटावरून उठले.

साखरचौथीच्या विसर्जनाला शेवटची आरती चालू असताना मातीला भोक पडलं. बारीक कमरेची एक माशी बाहेर आली आणि बाप्पाच्या खांद्यावर पंख वाळवत बसली. मागून दुसरी आली. आतोबा टाळ्या वाजवायचं विसरले, डोळे पुसू लागले. सर्वांत मोठ्याने 'मोरया' ओरडली ती आत्या, आनंदाने की सुटकेने, देव जाणे.

आतोबा गेल्यानंतरचा हा पहिला गणपती. मी आधीच मदतीला गेले, तर मूर्ती खिडकीशीच आणि खिडकी सताड उघडी. डास येत होते म्हणून लावायला गेले, तर आत्याने हात धरला.

"राहू दे गो. अजून आली नाय ती."

खिडकी तशीच सोडून मी स्वयंपाकघरात गेले. मोदकाची पिठी तिने पंधरवडाभर पुरेल एवढी करून ठेवली होती.