मार्थाबाईंना दाखवलेली कबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या पाद्रीसाहेबांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही — पण गेले काही दिवस हातातलं काम टाकून मी उगाच दारापर्यंत जातो नि परत येतो. बसवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेहून एक बाई नगरला आल्या. मार्थाबाई. साठीच्या, उंच, पायात पुरुषी बूट. त्यांचे खापरपणजोबा आमच्या मुलखात आलेल्या पहिल्यावहिल्या मिशनऱ्यांपैकी. पटकीने इथेच गेले. पुरलं कुठे, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाई घराण्याचा इतिहास लिहीत होत्या आणि तेवढ्या एका कबरीसाठी समुद्र ओलांडून आल्या होत्या. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, चर्चची जुनी दप्तरं सांभाळायचो. पाद्रीसाहेबांनी त्यांना माझ्या हवाली केलं.

कबर मला माहीत होती. माहीत कसली — लहानपणी तिच्यावर बसून बोरं खाल्लीत. घोडेगावच्या पुढे, आमच्याच गावच्या माळावर.

मग अडलं कुठे?

सांगतो. गावाने त्या साहेबाचा साहेबबाबा केला होता. दगडाला शेंदूर फासू नका म्हणून जन्मभर सांगत फिरलेला माणूस — आणि त्याच्याच कबरीला शेंदूर. गुरुवारी नारळ, नवस फिटला की कोंबडं. हिंदू येत, तसे आमचे ख्रिस्तीही येत. आणि सगळ्यांत पुढे कोण? माझी आई. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन घ्यायची, गुरुवारी साहेबबाबाला ऊद घालायची. माझ्या मॅट्रिकचा नवस तिथेच बोलली होती.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी चार बुकं शिकलेला, टाय लावणारा मास्तर. बाई काय म्हणतील? इतक्या वर्षांत हेच का शिकलात, असं? — त्या तसं म्हणाल्याच असत्या, हे तरी मला कुणी सांगितलं होतं?

आदल्या रविवारी मी आईजवळ बाईंना कबरीवर आणायचं बोलून बसलो होतो. तिचा आनंद पोटात मावेना. दुष्काळी कामावर खडी फोडायची ती. बाई यायच्या दिवशी तिने खाडा केला, कबरीला चुना लावला आणि सकाळपासून तिथेच बसून राहिली.

मी बाईंना नगरच्या जुन्या दफनभूमीत नेलं. कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या चौथऱ्याकडे बोट केलं. दप्तरात तशी नोंद आहे, म्हणालो. नोंद नव्हती. बाई गुडघे टेकून रडल्या, रुमालात माती बांधून घेतली. आणि मी — मी शेजारी उभा राहून प्रार्थना म्हटली. चांगली लांबलचक. ती आठवली की आजही जीव थाऱ्यावर राहत नाही.

संध्याकाळच्या एसटीने गावी गेलो. आई अजून माळावरच. ओठ सुकलेले.

"न्हाई आल्या व्हय रं बाई?"

उन्हाने आजारी पडल्या, म्हणालो. तिला वाईट वाटलं ते बाईंचंच. "लई लांबून आल्याली बिचारी. तिला लिव, तुज्या मानसाला आमी उघडं न्हाई टाकलं." लिहितो म्हणालो. कधीच लिहिलं नाही. बाईंची नाताळची पत्रं येत राहिली, मी उत्तरं देत राहिलो. खरं सांगायला एक ओळ पुरली असती — नाही का?

दोन वर्षांनी टपालाने त्यांचं पुस्तक आलं. आत त्या चौथऱ्याचा फोटो. ते पान मी आईसमोर उघडलंच नाही. शेवटच्या पानावर माझे आभार होते, नावानिशी. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. अक्षरओळख नव्हतीच तिला.

"माजं लिवलंय का त्यात, चुन्याचं?"

लिहिलंय, म्हणालो.

"कुटं?"

मी तिचं बोट धरलं आणि माझ्या नावावर ठेवलं. ती बराच वेळ ते तसंच दाबून होती. मग ते बोट तिने कपाळाला लावलं. मी लावू दिलं.