दुसऱ्याच्या चेहऱ्याचा आवाज

रोमभर पोस्टरवर सिनेमातल्या ज्या इन्स्पेक्टरचा चेहरा होता, त्याला बोलायला मात्र ओलिंदो लागायचा. शूटिंगच्या वेळी आवाजाची फिकीर करायची नाही आणि मागाहून कोंदट खोलीत दुसऱ्याकडून बोलून घ्यायचं, ही तिथली रीत. देखणा नट नुसते ओठ हलवी. गुंडांना दरडावायचा ओलिंदो, पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला. जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालून माणूस शिणणार नाही तर काय?

त्या दिवशी पडद्यावरचा इन्स्पेक्टर एका म्हाताऱ्या दुकानदाराला साक्षीला तयार करत होता. "घाबरू नका. फक्त नाव सांगा. पुढचं मी बघतो." एवढंसं वाक्य, पण ओलिंदोची जीभ पुन्हा पुन्हा अडखळू लागली. हप्ता नाकारला म्हणून गेल्याच आठवड्यात त्याच्याच इमारतीत राहणाऱ्या सेत्तिमिओची गल्लीतली बेकरी कुणीतरी पेटवली होती. काडी लावणारा, हप्ता वसूल करणाऱ्या टोळीतला रेमो ओलिंदोने खिडकीतून पाहिला होता आणि तोंडाला कुलूप लावलं होतं.

"आज झालंय काय तुला?" दिग्दर्शक वैतागला. "पोलीस आहेस का पाद्री?"

संध्याकाळी सेत्तिमिओने त्याला जिन्यातच गाठलं. हाताला पट्टी होती.

"तू पाहिलंयस, मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "माझ्यासाठी मर असं नाही म्हणत रे. पण मी एकटाच बोललो, तर विम्यासाठी यानेच पेटवलं म्हणतील. आत मलाच टाकतील."

ओलिंदोला स्वतःची लाज वाटली. भीतीही होतीच. दोन्ही सोबत घेऊन तो सकाळी चौकीत गेला.

चौकीतल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पुढ्यात गार झालेली कॉफी. रेमोचं नाव निघताच त्याने पेन खाली ठेवलं, उठून दार लोटलं.

"अंधार असेल."

"उजाडलं होतं."

"चष्मा नसेल तुमचा."

"होता."

"हे बघा, मला दोन मुली आहेत," अधिकारी हळूच म्हणाला. "घरी जा. तुम्हीही जगा, मलाही जगू द्या."

परतीची वाट मोकळी होती. ओलिंदो खुर्चीतून अर्धा उठलाही. पण सेत्तिमिओशी रोज जिन्यात गाठ पडणार होती. तो पुन्हा बसला.

"तुमचं खरं आहे, साहेब," तो म्हणाला. "पण बेकरी जळताना मी वरून नुसता बघत होतो. आता ते पुन्हा होणार नाही माझ्याच्याने. लिहा."

अधिकाऱ्याने कपाळावर हात मारून घेतला आणि पेन उचललं.